दाराच्या आतल्या बाजूला

— उभी काय राहिलीस, बस. आणि ते दार ओढून घे. लागत नाही? राहू दे मग, कडी कधीची मोडलीय, मिस्त्रीला सांगून सांगून माझी जीभ झिजली. तसंही बाहेरच्या या धडधडीत कुणाला काय ऐकू जाणार आहे! धुलाईची मशीनं, वाळवणीची मशीनं, वर तो इस्त्रीचा रोलर — इथं मला माझाच आवाज ऐकू येत नाही, संध्याकाळपर्यंत ओरडून ओरडून घसा बसतो. हं. तर हा कागद. अंगठा इथं, खाली. डावा चालतो, मी विचारून घेतलंय, उजव्याला तर बँडेज आहे तुझ्या. काय लिहिलंय म्हणजे? सांगितलं ना — केलेली तक्रार मागे घेते, हात रोलरमध्ये गेला तो माझ्याच निष्काळजीपणानं. एवढंच. उद्या तपासणीवाला साहेब येतोय, त्याच्या हातात हा ठेवला की चहा पिऊन जाईल बिचारा, आणि तू परवापासून कामावर. घड्या घालायच्या टेबलावर. बसून! आहे का इथं कुणाला बसून काम?

अशी टकामका बघू नकोस माझ्याकडं. थोरली म्हणतात तुला सगळ्या, वयाचा मान देतात, आणि तू हे शिकवतेस त्यांना? तक्रार! तीही परस्पर, फोनवरून! हात भाजला तेव्हा दवाखान्यात कुणाच्या गाडीतून गेलीस? आणि तिकडं सांगितलंस काय, तर मालकिणीनं कामावरून काढलं. मी काढलं नाही. मी घरी बस म्हटलं. घरी बस म्हणजे काढलं का? ...बरं, तुझ्या जागी दुसरी उभी केली, केली! मग काय रोलर रिकामा फिरवू? हॉस्पिटलच्या चादरी कोण पोचवणार, तुझा तो तक्रारवाला?

मला आधी वाटलं, वकीलबिकील भेटला असेल कुणी. नाहीतर लेकीनं शोधून दिला असेल नंबर. आणि कळलं काय? संडासातून! अगं, तो कागद मी लावलाय, माझ्या या हातांनी, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून. कायदाच आहे तसा — कामगारांचे हक्क आणि तक्रारीचा नंबर कामाच्या जागी लावायलाच हवा. मग कुठं लावू? पुढच्या खोलीत हॉटेलवाले येतात, हॉस्पिटलवाले येतात, त्यांनी काय वाचायचं, 'इजा झाल्यास येथे कळवा'? शोभा झाली असती माझी. म्हटलं, बायकांच्या संडासाच्या दाराला लावू, आतून. लावल्यासारखं होतं, कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि साहेब काही आत शिरून बघणार नाही. केवढी खूश झाले होते मी स्वतःवर! आणि एक गोष्ट काही डोक्यात आली नाही — अख्ख्या कारखान्यात तुम्ही बायका बसता कुठं? धुणं उभ्यानं, इस्त्री उभ्यानं, जेवणसुद्धा भिंतीला टेकून. बसायला मिळतं ते तिथंच. आणि बसलं की नाकासमोर दार, आणि दारावर माझा कागद. दुसरं आहे काय तिथं वाचायला!

पण तुला तर वाचता येत नाही! तेच मला कळेना. मग समजलं, ती चष्मेवाली. ती आत बसून मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या बाहेर रांगेत उभ्या राहून ऐकायच्या. आणि मी इकडं डोकं फोडत होते, एवढी रांग का लागते, सगळ्यांची पोटं एकदम कशी बिघडतात! पाण्याची टाकी धुऊन घेतली मी, थोरले! दोनदा! हसतेस? हस, हस. काल ती नवी बुटकी कपडे पिळता पिळता पुटपुटत होती. वाटलं गाणं म्हणतेय. गाणं कसलं — 'यंत्र धोकादायक वाटल्यास काम थांबवण्याचा हक्क कामगारास आहे, त्यासाठी त्यास काढता येणार नाही.' तोंडपाठ! म्हटलं, थांबव की, थांबवून दाखव. मान खाली घालून गेली पिळत. कोण थांबवतंय? पोटं आहेत सगळ्यांना.

हे कोपर बघ माझं. बघ नीट. तुला नाही दाखवणार तर कुणाला, एकाच टेबलावर होतो आपण इस्त्रीला, मालकाशी लग्न झालं म्हणून मी या खुर्चीवर, नाहीतर तुझ्या शेजारीच उभी असते. वाफेनं सोललं होतं तेव्हा बादलीभर पाणी कुणी ओतलं माझ्यावर? तूच. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर. गेले का मी कुणाकडं? कुणाकडं जाणार होते? मला कुणी सांगितलं होतं असा कायदा असतो, असा नंबर असतो म्हणून? त्या दारावर माझ्या वेळी काही नव्हतं. नुसतं दार होतं. रडायचे मी त्याच्याकडं बघून. आणि तुला आयतं मिळालं, तेही माझ्या हातानं — म्हणून राग येतो मला, कळलं?

घे, अंगठा लाव. ...दांडी काय? परत दांडी! हो, असते दांडी रोलरच्या तोंडाशी, हात लागला की मशीन आपोआप थांबवणारी, माहीत आहे मला, मशीन माझं आहे. चादरीची किनार लागली तरी बंद पडायचं ते मेलं! दिवसाचं काम रात्रीपर्यंत उरकत नव्हतं. म्हणून बांधली. तारेनं. मिस्त्रीनं आपल्या मनानं नाही, तो नकोच म्हणत होता, मीच बांधायला लावली त्याला! आणि तिथं लाल पाटी आहे, दांडी बांधू नये म्हणून, ती चष्मेवालीनं वाचली असती, बोंब मारली असती — म्हणून तुला उभी केली रोलरवर, तुला वाचता येत नाही म्हणून! झालं समाधान? — वाळवणीचं बंद झालं वाटतं. भरत असतील. — आणि आत्ता कुठं सुटलीय ती दांडी? आत्ताही बांधलेलीच आहे! ती बुटकी उभी आहे तिथं सकाळपासून, झालं का काही तिला? आज संध्याकाळी मिस्त्री तार सोडेल, उद्या साहेब बघून जाईल, साहेबाची गाडी वळली की परत बांधेल! तुझ्या तक्रारीनं काय व्हायचंय ते एवढंच —

धुलाईचंही थांबलं?

...आणि रोलर. रोलरची वाफ गेली ती. वीज गेली का? नाही, हा दिवा तर चालू आहे.

कोण आहे दाराशी? बुटके, तू का रोलर सोडून आलीस? आणि तुम्ही सगळ्या? चष्मेवाले, जा बघू कामाला. जा म्हणते ना.

...राहू दे तो कागद, थोरले. अंगठा नको लावूस.

मी फार मोठ्यानं बोलत होते का गं?