मास्तरांचा तळवा

मंडळी, एक सांगा — ज्याच्या पायावर आपण डोकं ठेवतो, त्याचा तळवा कधी पाहिलाय? घातल्या माना खाली! मग ऐका.

एका गावात केरबा मास्तर. नोकरी संपलेली, आवाज खणखणीत, अन् साखर — चहात नव्हे हो, रक्तात! मास्तरांनी गावातली सगळी साखरवाली माणसं जमवली. दर गुरुवारी पारावर बैठक. चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा तिथं कबूल करायची! अन् शेवटी दोघादोघांच्या जोड्या लावून प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा तळवा बघायचा. का? या रोगात पाय बधिर होतो. खिळा घुसला तरी कळत नाही!

इंदुबाई मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, अन् बैठकीतली जोडीदारही तीच. तिच्या टाचेत काटा मोडलेला. मास्तर वाकले, तशी तिनं पाय ओढून घेतला. "गुरुजी, माझ्या पायाला हात नका लावू, पाप लागंल मला!"

मास्तर कडाडले, "पाप गेलं खड्ड्यात! पाय पुढं कर, इंदे!"

तिचा पाय वाचला. अन् मास्तरांचा तळवा? ज्यांच्या छड्या खाल्ल्या, त्यांना 'पाय दाखवा' म्हणायचं कसं? तिची जीभच रेटेना. अन् मास्तर तरी कुठं मोजा काढत होते!

गुरुपौर्णिमा आली. पारावर मास्तरांची पाद्यपूजा! मास्तर म्हणाले, "मोजे राहू देत." इंदुबाईनं मोज्यांवरच फुलं वाहिली, डोकं टेकलं — अन् नाकात वास भरला. कुजका! तिला कळलं, मंडळी, सगळं कळलं! पण चारचौघांत गुरूचा मोजा ओढायचा? काय म्हणाली ती?

"अहो, जरा उदबत्ती लावा!"

महिन्याभरात मास्तरांचा पाय गुडघ्याखाली कापला.

दवाखान्यात गेल्यावर ती सवयीनं पाया पडायला वाकली. चादरीखाली एकच पाऊल! तिला रडू आवरेना. "गुरुजी, मला त्या दिवशी वास आला होता."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मलाही येत होता, इंदे. माझ्यानं बोलवेना. वाटलं, तू तरी विचारशील."

हा आपला आदर, मंडळी! फुलं वाहणारा, अन् माणूस सडू देणारा!

आता कीर्तन संपलं, की तुम्ही रांगेनं माझ्या पाया पडाल. मलाही साखर आहे. हा बसलो पाय पसरून. या! — अरे बाबा, डोकं नको टेकवू, तळवा बघ! ... बघा, लाजला. टेकवलं डोकं, अन् निघाला घरी!