गोलकीपरची खिडकी

साहेब: वहिनी, आधी ती कात्री खाली ठेवा. मग काय ते शांतपणे बोलू.

सून: शांतपणेच बोलतेय मी. आठवडाभर दिवसाढवळ्या दिवे लावून बसलोय. अख्ख्या इमारतीला तुम्ही कापड नेसवलंत, त्याला आमच्या खिडकीपुरतं भोक पाडतेय. एवढंच.

साहेब: अहो, ते काय साधंसुधं कापड आहे? समोर स्टेडियम, संध्याकाळी आंतरराष्ट्रीय सामना, जगभरचे कॅमेरे! भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून आमच्या वारसा विभागानं त्यावर शहराचा वारसा छापलाय.

सून: आणि ही इमारत? आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीची आहे ही.

साहेब: तीही वारसाच. पण रंग उडालेला.

सून: बरं. त्यावर चित्र कोणाचं छापलंय?

साहेब: आपल्या शहराचे थोर गोलकीपर! काय ती हवेतली झेप! अंगावर काटा येतो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘स्वर्गीय’...

सून: जळ्ळी मेली ती अक्षरं! मागे वळून बघा जरा. पलंगावर कोण बसलंय?

साहेब: कोण?

आबा: स्वर्गीय. या, बसा. सूनबाई, साहेबांना पाणी दे गं. तीन मजले चढून आलेत.

साहेब: अरे देवा! आबा, तुम्ही... आहात?

आबा: आहे की. अजून तरी.

साहेब: समितीत कोणालाच कल्पना नव्हती हो!

सून: विचारायचं होतं! कापड बांधायला तुमची माणसं आमच्याच दारावरून गच्चीवर गेली.

साहेब: वहिनी, आमच्याकडे जिवंत माणूस वारशात बसत नाही. जिवंत असेल तर तो ज्येष्ठ नागरिक विभागाकडे जातो. मग समितीनं विचारायचं कोणाला?

सून: म्हणजे तुमचं कापड खरं ठरायला यांनी डोळे मिटायचे?

आबा: चिडू नकोस गं, त्यांची नोकरी आहे. साहेब, माझे गुडघे त्या मैदानातच राहिले. जिना उतरवत नाही. पण या खिडकीतून, दोन स्टँडच्या मधून, उजवीकडचा गोलपोस्ट दिसतो. मी तिथंच उभा राहायचो. आमच्या वेळी शेजारच्या गावाचा संघ आला तरी शहर लोटायचं. आज समुद्रापलीकडचे येतायत. तेवढं बघायचं म्हणून डॉक्टरांची कडू औषधं गपगुमान गिळली. एवढा सामना बघू द्या. ते ‘स्वर्गीय’ राहिलं तरी माझी हरकत नाही.

सून: मामंजी, काहीतरी अभद्र बोलू नका हो!

साहेब: मला भरून आलं, आबा. तुम्हाला पासच देतो! मानाची खुर्ची!

सून: आणि जिना? पाठुंगळी घेणार का तुम्ही?

साहेब: मला मणक्याचा त्रास आहे... थांबा, भोक कुठे येतंय ते तरी बघू. मोबाइलमध्ये फोटो आहे. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी... अरे बाप रे!

सून: काय झालं?

साहेब: बरोबर चेहऱ्यावर येतेय. बिनचेहऱ्याचा वारसा! वरचे लोक मला फाडून खातील.

सून: चेहराच हवा ना? खिडकीत खुर्ची लावते. चेहरा घरचाच आहे.

साहेब: अहो, पण चित्रातले आबा पंचविशीतले! काळेभोर केस!

आबा: काळी टोपी घालतो.

साहेब: आणि दात?

आबा: तोंड मिटून बसेन.

साहेब: कॅमेरे तसे लांबच आहेत म्हणा. दुरून डोंगर साजरे. कापा, वहिनी. मी काही पाहिलं नाही.

(कात्रीचा करकर आवाज. खोलीत ऊन येतं.)

सून: मामंजी, टोपी सरळ करा. दिसतंय का?

आबा: दिसतंय तर! गवत काय राखलंय! जाळीही नवी कोरी. नुसतं बघून हात शिवशिवायला लागले बघ.

साहेब: आबा, हात जोडून एकच विनंती. अजिबात हलायचं नाही. तुम्ही आता छापील आहात.

आबा: नाही हलत.

साहेब: शब्द देता?

आबा: दिला. फक्त चेंडू या पोस्टकडे आला, तर हातांचं मी काही सांगू शकत नाही.