जगदेवी इज प्रेझेंट

निवृत्तीसाहेब : मुलं गेली ना सगळी? आता हा कागद वाचा, रईसाबाई.

रईसा : सिंधूचा आहे, साहेब. सहावीतली पोर. इंग्रजी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. चुकली असेल.

निवृत्तीसाहेब : चुकली नाही, तेच तर. मी फळ्यावर ‘प्रेझेंट’ लिहिलं. म्हटलं, वाक्यं लिहा, त्यात नाम करा, विशेषण करा, क्रियापद करा. नामाला तिनं ‘भेटवस्तू’ हा अर्थ घेतला. ठीक. क्रियापद कोरं.

रईसा : क्रियापदाला उच्चार बदलतो, ‘प्रिझेंट’. ते अजून शिकवलं नाही मी.

निवृत्तीसाहेब : आणि विशेषण?

रईसा : ‘जगदेवी इज प्रेझेंट.’ व्याकरणात बरोबर आहे, साहेब.

निवृत्तीसाहेब : व्याकरण नाही विचारत. हजेरीपटावर जगदेवी रोज हजर, आजसुद्धा. जगदेवी कोण, विचारलं तर सगळा वर्ग खाली मान घालून बसला.

रईसा : ती वारली, साहेब. महिना झाला. नदीत झरा उकरून पाणी आणायचे. उलट्या, जुलाब. उदगीरच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली.

निवृत्तीसाहेब : आणि तुम्ही तिची हजेरी लावताय?

रईसा : शाळेत खायला वाटतात ती सुकडी पटावरच्या पोरांनाच मिळते. तिच्या घरी दोन लहान भावंडं आहेत, एक चार वर्षांचं, एक तीन. त्यांना काही नाही. आई, कोंडाबाई, दुष्काळी कामावर खडी फोडते. जगदेवीची सुकडी सिंधू नेऊन देते. नाव पुकारलं की कुणीतरी ओ देतं. कसम घेते, मी शिकवलं नाही त्यांना.

निवृत्तीसाहेब : नवा जिल्हा, लातूरहून पहिलीच तपासणी आहे ही. हे वर कळलं तर नोकरी जाईल तुमची.

रईसा : जाऊ द्या. लिहून देते मी.

कोंडाबाई : नगं, बाई. काय लिहून देऊ नका.

निवृत्तीसाहेब : तुम्ही कोण?

रईसा : साहेब, हीच कोंडाबाई.

कोंडाबाई : भायेर बसून समदं आयकलं म्या. साहेब, नाव काढा तिचं.

रईसा : अगं, लहानग्यांचं काय?

कोंडाबाई : बघीन कायतरी. बाई, कामाला जाताना ह्याच भिंतीकडनं जाते मी. तुमी नाव घेता. आतून पोरीचा आवाज येतो. पाय उचलतच न्हाई मग. ती न्हाई हे ठावं हाय मला. माज्याच हातानं माती दिली. तरी रोज खिडकीतून बघते. लई वाईट हाय हे, बाई.

रईसा : मला नव्हतं ठाऊक. खरंच नव्हतं.

निवृत्तीसाहेब : द्या इकडे तो हजेरीपट. नाव कमी करताना तारीख लागते. वारली त्या दिवसाची घातली, तर बाईंचा महिनाभराचा खोटेपणा उघडा पडतो.

कोंडाबाई : आजची घाला, साहेब. आत्तापतोर व्हती ती.