आधी हाक, मागून तपासणी

...आन् मला सांगा, अख्खा प्रोग्राम लिहून झाल्यावर त्याला परत सांगायचं, की बाबा, तू कुठून सुरू व्हायचंस? आँ? अहो, आमचा बैल बी न सांगता जुवाखाली मान घालतो! पण आमचा बद्रीनाथ, शेंद्र्याला कंपनीत कम्प्युटरवर बसतो, तो म्हणतो, “आप्पा, सुरुवात कुठून, ते सांगावंच लागतं.”

तुम्हाला सांगतो, झालं काय... आमच्या मंडळीला, सारजाबाईला, दोन वर्षं झाली, लई इसर पडायला लागलाय. मी दुपारी गावाकडं, करमाडच्या रानात, पोरगं कंपनीत, आन् ही दार उघडून थेट क्रांती चौकात! दोनदा! त्या गाड्यांच्या गर्दीत! माझा जीव कसा राहिला, मलाच ठावं. कुलूप लावायचं म्हणता? जिनं जन्मभर घर राखलं, तिला कोंडायचं व्हय?

मग बद्रीनं एक डबी बनवली. दार उघडलं की डबी चालू, आन् माझा आवाज हाक मारणार. पण चालू झाली की ही बया आधी सोताचंच तपासायची... दिवा लागतो का, घड्याळ बरोबर हाय का... अर्धा मिनिट! तवर सारजाबाई जिना उतरून पसार! बद्री म्हणला, “तपासणी मागून. लिंकरला सांगतो, आधी हाक.” लिंकर म्हंजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारा. त्याला आडवी रेघ, ई, आन् पुढं पहिल्या तुकड्याचं नाव द्यायचं. बास! सुरुवात कुठून, ते सांगावंच लागतं ना!

मी आन् बद्री जिन्यात दडून बघतोय. दार उघडलं, डबी लगीच बोलली, “सारजाबाई, घरात या!” हिनं काय करावं? पदर डोक्यावर वढला आन् दुप्पट पळाली! “कोण मेला परका गडी नाव घिऊन हाका मारतोय?”

बरोबरच हाय की तिचं! बेचाळीस वर्षं संसार झाला, मी कधी नाव घेतलंय व्हय तिचं? बद्रीनं कपाळावर हात मारला, “आप्पा, रोज हाक मारता तशीच मारा!” लाजलो की राव पोरासमोर... डबीत तोंड घालून म्हणलो, “आगं ए बद्रीची माय... थांब, मी बी येतो.”

थांबली! दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरच बसली. “ह्यांचं कवा आवरायचं!” म्हणली, आन् बसूनच राहिली. डोळे भरून आले बघा माझे.

पण काल रानातून आलो, तर ही दारात. “चल आत,” म्हणलो. तर मला म्हणती, “थांबा की पाव्हणं, आमचे हे आत हायेत, आत्ताच हाक मारली. तुम्ही कुठले?”

सुरुवात कुठून, ते सांगावंच लागतं... म्हणलो, “करमाडचा.”

“अगंबाई, आमचे हे बी तिथलेच! बसा मग, येतीलच.”

बसलो तिच्याशेजारी... माझीच वाट बघत.