बिननावाची नेमप्लेट

—व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवतोस आणि म्हणे ॲक्रिलिकमधे नेमप्लेट कापून द्या! अरे दादा, फोटो हाय हा. जरा मोठा केला की होडीच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या—बघ, बघ—लेझरनं कापायचं कुठून? टॅबवर बोटं फिरवली की झाले सगळे आर्टिस्ट! आणि हा झेंडा असा वाकडा का? मला रेघ न् रेघ सुटी पायजे, कॉम्प्युटरवर हलवता येईल अशी. एसव्हीजी. काय, बायकोनं काढलंय? मग कर तिला मेसेज, बघतोस काय! आणि नाव कुठाय? नेमप्लेट ना ही? नंतर चिकटवणार? वा, नवरीशिवाय वरात!

बस, स्टूल घे. आमची मिनल असती तर—पोरगी माझी—टॅबवर काढायची आणि पहिल्या फटक्यात बरोबर फाइल द्यायची. आता पुण्याला असते. मोठी नोकरी. बिझी असते, फोन नसतो रोज. म्हणजे... वर्षभर नसतोच म्हण. तिची आई बोलते गुपचूप, मी कशाला विचारू?

आली फाइल? टाक इकडे. आता बघ गंमत, ह्या लोकांच्या एसव्हीजीत पण आत फोटोच चिकटवलेला असतो—न्हाय. सुट्या हायेत रेघा. लेयर पण पाडलेत. मांदेली... बोंबील... सुरमई... ए, लेयरला ही माशांची नावं द्यायला तुझ्या बायकोला कोणी शिकवलं? ही माझ्या दुकानाची पद्धत हाय—आतलं बारीक आधी कापायचं, ते मांदेली. बाहेरची कड शेवटी, ती सुरमई. अख्ख्या भाईंदरात दुसरं कोणी असं लिहीत न्हाय. आणि हा बंद ठेवलेला लेयर कसला? थांब, चालू करतो. मिनल... समाधान.

अच्छा. म्हणजे तू तो. माझ्या मनाविरुद्ध पोरीनं लग्न केलं तो मराठवाड्याचा. तुझं तोंड बघणार न्हाय म्हणून भर गल्लीत ओरडलो होतो मी, आणि मघापासून स्टूल देऊन समोर बसवलाय! मान खाली घालू नको आता. पुण्याचं मी लोकांना सांगतो, राहता तुम्ही इथंच, इंद्रलोकला. तिथून इथपर्यंत एवढी दुकानं, आणि तुला पाठवलं माझ्याकडेच—नाव बंद करून! बापाला एवढी घाबरते, तर दारावर बापाची होडी कशाला? हो, आमचीच ती. झेंडा असाच वाकडा होता तिचा. विकली तेव्हा पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मी पण रडलो होतो, पण ते तिला म्हायती न्हाय.

कापतो. नावांसकट कापतो, बिननावाची प्लेट माझ्या दुकानातून जात न्हाय. उद्या संध्याकाळी तयार—ए, तू न्हाय यायचं. तिला पाठव. चल, ऊठ, स्टूल ठेव जागेवर.