खांद्याकडची बाजू

थोरली : हात काढ. आज या चादरीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.

धाकटी : मावशी, साडेनऊ झाले. आजोबांना खुर्चीत बसवायचंय, पलंगावरची चादर बदलायचीय. रुसवा मागाहून काढा.

थोरली : रुसवा नवऱ्यावर काढतात. हा राग आहे, राग! काल आजोबांना चादरीसकट उचलताना तू हात सोडलेस आणि ब्याण्णव किलोंचा माणूस माझ्या एकटीच्या कमरेवर आला. रात्रभर कूस बदलता आली नाही मला. सकाळी सुनेने पायात मोजे चढवले माझ्या, लहान पोरीला चढवावेत तसे.

धाकटी : सोडले नाहीत हो. सुटले. चादर ओली होती.

थोरली : आजोबांसमोर खोटं बोलू नकोस. त्यांची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. बघ, पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवायला लागले.

धाकटी : आजोबा, तुम्ही निवांत पडा. तुमच्यावर कोणी ओरडत नाहीये.

थोरली : सुटलेले हात खाली पडतात. तुझे पोटावर गेले, दोन्ही. मी पाहिलं ना. कितवा?

धाकटी : काय कितवा?

थोरली : महिना गं! चौदा वर्षं या वृद्धाश्रमात माणसांची अंगं वाचतेय मी, मला शिकवतेस?

धाकटी : सोमवारी पाचवा लागेल.

थोरली : पाचवा! आणि मी वेडी, तीन आठवडे मनाशी म्हणतेय, ही रोज पायांकडेच का सरकते? आपलं ठरलेलं होतं. एक दिवस खांद्याकडची बाजू तुझी, एक दिवस माझी. खांद्याकडे सगळं वजन, पायांकडे नुसता तोल. मला वाटलं, पोरीचं मनगट दुखत असेल, विचारलं तर ओशाळेल. म्हणून गप्प. तीन आठवडे तुझ्या वाट्याचं ओझं वाहिलं, आणि कुणासाठी वाहतेय ते मलाच ठाऊक नाही.

धाकटी : काल त्यांचा गुडघा लागला मला. इथे. जोरात. हात आपसूक गेले मावशी, मी नाही नेले.

थोरली : दुखतंय?

धाकटी : नाही.

थोरली : कपड्यावर डाग?

धाकटी : नाही हो. संध्याकाळी लगेच दाखवून आले, सगळं ठीक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जड उचलू नका. मी विचारलं, जड म्हणजे किती? तर म्हणे, भरलेली बादलीसुद्धा नको. मला हसूच फुटलं. आजोबा म्हणजे सात बादल्या!

थोरली : हसू नकोस, मलाही हसवू नकोस. कमरेत कळ येते. मला सांगितलं का नाहीस?

धाकटी : सांगून काय झालं असतं? खालच्या मजल्यावरच्या त्या कुरळ्या केसांच्या मुलीने सांगितलं होतं ना? सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटीच्या तक्त्यावर तिचं नाव नव्हतं. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. नवीन हातात पडलं की सांगणारच होते. वीस दिवस काढायचे होते फक्त.

थोरली : माझ्या कमरेवर.

धाकटी : हो, तुमच्या कमरेवर! दुसऱ्या कुणाच्या काढू? सासूबाई म्हणतात, आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत राबलो. नवरा म्हणतो, सोडून दे नोकरी; मग खायचं काय, ते काही बोलत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रोज खांद्याकडे उभ्या राहिला असता आणि मला रोज तुमचं तोंड बघावं लागलं असतं. निदान...

थोरली : निदान काय?

धाकटी : निदान चोरी माझी मलाच ठाऊक होती.

थोरली : चोरीच ती. अगं, मागितलं असतंस तर दिलं असतं. कंबर काय, पाठसुद्धा दिली असती. न मागता नेलंस, म्हणून जीव जळतो.

धाकटी : मग सांगा मेट्रनबाईंना. येतीलच त्या आता, कालचं विचारायला. सांगून मोकळ्या व्हा!

(मेट्रन आत येते. तिच्या हातात एक छापील कागद आहे.)

मेट्रन : जिन्यापर्यंत आवाज येतोय. आजोबा अजून पलंगावरच? चार वाजता यांची मुलगी भेटायला येते, तिला ते खुर्चीत दिसले पाहिजेत. आणि काल हात कोणाचे सुटले? इथे अपघाताच्या नोंदीत एक नाव लिहायचंय.

धाकटी : माझे. मला दिवस गेलेत, मेट्रनबाई. पाचवा लागेल.

मेट्रन : अरे वा, छान! पण आधी कळवायचं होतंत. असं करा, हा महिना पूर्ण करा. पुढचं वर विचारून बघू.

धाकटी : ऐकलंत मावशी? खालच्या मजल्यावरच्या तिलाही हेच म्हणाल्या होत्या. अगदी हेच.

थोरली : मेट्रनबाई, ती माणूस उचलायची मशीन कुठाय?

मेट्रन : स्टोअरमध्ये. माहितीये तुम्हाला.

थोरली : अंगावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही तिच्या. तपासणीला बाहेर, फोटो झाला की आत.

मेट्रन : पण मशीन नको, असं कोण म्हणालं? तुम्ही! सगळ्यांदेखत. "पट्ट्यांत अडकवून माणूस लोंबकळवायचा? आमचे हात झडले काय?" पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही म्हटलं, बरंच झालं, एकेका माणसाला वीस मिनिटं कोण घालवणार?

थोरली : म्हणाले. मिरवले. तेव्हा कंबर माझी होती, म्हणून मिरवले. तेव्हा हे सुचलं नाही की माझ्याशेजारी उद्या कोण उभी असेल, तिच्या पोटात काय असेल. आज ते शब्द गिळते, तुमच्यासमोर, हिच्यासमोर. किल्ली द्या.

मेट्रन : ऑफिसात विचारावं लागेल.

थोरली : विचारा. तोवर मी यांना उचलणार नाही आणि हिला उचलू देणार नाही. अंग पुसेन, कुशीवर वळवेन, भरवेन, पण पलंगावरच. चार वाजता मुलगी आली की तिलाही सांगेन, मशीन आहे बाई, किल्ली नाही.

मेट्रन : ही धमकी झाली.

थोरली : झालीच. आणि त्या कागदावर नाव हवंय ना? माझं लिहा. हिचं लिहून महिनाअखेरीला तोच कागद नाचवायचा नाही. मशीन आली की पट्टे लावायचे, बटण दाबायचं, ते हिला जमेल. हिचं नाव तक्त्यावर नसेल तर माझंही नसेल. मग या मजल्यावरचे अकराच्या अकरा तुम्ही उचला.

मेट्रन : किल्ली आणते. बाकी कशाचा शब्द देत नाही मी.

थोरली : शब्द नकोच. तक्ता लागेल तेव्हा वाचू.

धाकटी : गेल्या. मावशी, खरंच नाव काढलं तर? तुमचंही जाईल, माझ्यापायी.

थोरली : तुझ्यापायी काही नाही. माझ्या कमरेपायी.

धाकटी : अजून रागावलाय?

थोरली : खूप. हा राग उतरायला पुष्कळ दिवस लागतील. तोवर उभी राहू नकोस. थांब, ओढू नकोस ते स्टूल, मी आणते.