कुंड्यांतलं शिलाई मशीन

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"आई, खरंच पुरतील हो?"

"शिलाई मशीन येऊन वर चार पैसे उरतील! तीन वर्षं गच्चीतली वांगी-मिरच्या खाल्ल्या. भाजीचे वाचलेले पैसे दर आठवड्याला इथे टाकले."

"हे तर कुंड्यांना हसायचे."

"हसू दे त्याला. मिरचीला कीड लागली तेव्हा मीसुद्धा हात टेकले होते. तूच पुन्हा रोपं लावलीस."

"मग मशीन आजच?"

"आजच! किती दिवस दुसऱ्याच्या दुकानात शिवणार? दारावर तुझ्या नावाची पाटी लावू."

"तुमचं नाव घालू ना!"

"माझं? अगं, मला सुई ओवता येत नाही! तुझंच घाल. आणि चांगलं ठसठशीत, तुझ्या त्या दुकानाच्या मालकाला रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे!"